व्याह्यांची पट्टी

"तुम्ही फक्त वाद्य घेऊन या. बाकीचं सगळं माझ्याकडं लागलं," असं सोनबा गुरुजींनी आपल्या व्याह्यांना दिवाळीच्या फराळावर सांगितलं. सांगताना त्यांनी हातातली चकली अशी काही उंच धरली होती, की पुण्याचा अख्खा बँड तिच्या टोकावर उभा आहे असं वाटावं.

सोनबा गुरुजी राहायला उत्रोलीत आणि शिकवायला भोरच्या शाळेत. गणित, भूगोल ते शिकवत. पण जीव सगळा गाण्यात. ज्या पोराच्या गळ्यात कावळा बसलाय असं घरचेच म्हणत, त्याच्या गळ्यातून गुरुजी दोन-तीन महिन्यांत निदान साळुंकी तरी काढीत. मारणं नाही, ओरडणं नाही. "पुन्हा" एवढा एकच शब्द, आणि तोही असा की पोराला वाटावं, गुरुजींना आपलं गाणं आवडलं म्हणूनच ते परत ऐकायला मागताहेत. शाळेची पेटी तेच वाजवत. तालुक्यात पेटीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असं ते स्वतः कधी म्हणत नसत. दुसरं कुणी म्हटलं तर मात्र अडवत नसत.

व्याही म्हणजे चिमाजी, गुंजवण्याचे. गुरुजींची बाळाबाई त्यांच्या घरात दिलेली. संस्थानाच्या काळात चिमाजी संस्थानच्या बँडात सॅक्सोफोन वाजवत. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, लाल कोट ट्रंकेत गेले. वाद्य मात्र चिमाजींना बक्षीस मिळालं. ते घेऊन ते गुंजवण्याला परतले, तेव्हा एवढी मोठी पितळी चिलीम ओढणार कोण, असा प्रश्न गावाला पडला होता. त्यानंतर दहा वर्षं चिमाजी भात लावत, म्हशी राखत, आणि संध्याकाळी गोठ्यासमोर बसून वाजवत. म्हशी उठून जात नसत, एवढीच काय ती दाद.

आणि आता पुण्याचे हरिबा भोरला येणार होते. हरिबांचा लग्नाचा बँड होता, त्यांचा सॅक्सोफोनवाला काम सोडून गेला होता, आणि ते आमच्या हेडमास्तरांचे मावसभाऊ. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून येतो, त्या माणसाचं ऐकतो, पसंत पडला तर लग्नसराईला घेतो, असं त्यांनी कळवलं होतं. हे सगळं गुरुजींनी जमवून आणलं होतं. चिमाजींनी उभ्या जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. फराळाच्या दिवशीही मागितलं नाही. फक्त हलक्या आवाजात विचारलं, "पुण्याचं जमंल म्हणता?" आणि विचारताना त्यांची बोटं धोतरावर आपोआप खालीवर होत होती. ती बोटं पाहिली आणि गुरुजींनी चकली उंच धरली.

बेत असा होता. गुरुजींनी नीरेवर एक गाणं रचलं होतं, 'वाहते नीरामाई' म्हणून. ते पोरांनी गायचं आणि प्रत्येक कडव्यानंतर चिमाजींनी पेटीच्या साथीनं एकट्यानं वाजवायचं. चाल गुरुजींनी त्यांना दिवाळीतच गाऊन दाखवली होती. पण पेटी कोण धरणार? पेटी वाजवणारे गुरुजी एकटे, आणि पोरांसमोर उभं राहून हात हलवणारेही तेच. ते पेटीला बसले की पोरं वळवाच्या पावसासारखी कुठंही पडतात, हा अनुभव होता.

त्यावर तोड निघाली ती ज्ञानूकडून. ज्ञानूचं भोरात कर्णे भाड्यानं द्यायचं दुकान होतं. त्याच्या पुण्याच्या शेठकडं आवाज भरून ठेवायचं मशीन आलं होतं. वजनाला भरल्या पाटीइतकं. वर दोन चाकं, आणि एका चाकावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर गुंडाळली जायची. ते मागून आणायचं, पेटी आधी भरून ठेवायची, कार्यक्रमाच्या दिवशी कळ दाबायची, की पेटी आपली आपण वाजणार आणि गुरुजी मोकळे. गुरुजींना ही कल्पना इतकी आवडली, की ती ज्ञानूची होती हे ते दुसऱ्याच दिवशी विसरले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. अवघड नाही, गुरुजी चौथीच्या पोरांना सुद्धा सांगत. आपल्या पेटीचा जिना आहे असं समजा. पांढरी एक ही पहिली पायरी, मग काळी एक, मग पांढरी दोन, मग काळी दोन. म्हणजे काळी दोन ही चौथी पायरी. चिमाजींच्या वाद्याचं घर मात्र उंच जोत्यावर बांधलंय. त्यांची पहिली पायरी जिथं सुरू होते, तिथं आपली चौथी असते. ते आपल्या पहिल्या पायरीवर उभे राहून 'सा' म्हणाले, की तो पेटीवर काळी दोनला मिळतो. म्हणून दोघांना एकत्र वाजवायचं तर एकानं हलावं लागतं. एक तर पेटीनं आपला सा काळी दोनला चढवायचा, नाही तर चिमाजींनी तीन पायऱ्या उतरून पांढरी एकला यायचं. कुणीही एकानं. बस्स, एवढंच.

गुरुजींनी ठरवलं, आपणच हलायचं. आपण मुलीचे बाप. मुलीच्या बापानं व्याह्यांना 'तुम्ही उतरा खाली' म्हणायचं? जेवायला बसताना त्यांच्या पाटापेक्षा आपला पाट अर्धा हात मागं घेणारी आम्ही माणसं. ते काही नाही. पेटी काळी दोनला चढेल, व्याही आपल्या घरच्या पायरीवर आरामात उभे राहतील, आणि आपण त्यांच्यासाठी हे केलंय असं त्यांना सांगायचंही नाही. ऐनवेळी त्यांच्या लक्षात येईल, ते मनातल्या मनात म्हणतील, 'वा, व्याही!' तो क्षण गुरुजींनी मनात इतक्या वेळा पाहिला होता, की त्याच्या कडा झिजल्या होत्या.

ठकुबाईंनी, म्हणजे त्यांच्या मालकिणीनं, भाकरी थापता थापता विचारलं, "इचारलंय का पर त्यास्नी?"

"विचारायचं काय त्यात? विचारलं की उपकार दाखवल्यासारखं होतं."

ठकुबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. कुठं बोलून उपयोग नाही हे त्यांना पाठ होतं.

अडचण फक्त पोरांची झाली. पोरांनी गाणं पांढरी एकला बसवलं होतं, गळ्यात अगदी मुरलं होतं. गुरुजींनी त्यांना तीन पायऱ्या वर नेलं. पहिले काही दिवस टाचा वर करून पोरं गायली, जणू सूर फळीवरच्या डब्यात आहे. "पुन्हा," गुरुजी म्हणत. "पुन्हा." हळूहळू चढली बिचारी. मग एका दुपारी वर्गाची दारं-खिडक्या लावून पेटी भरली. तिसऱ्या कडव्यात शाळेच्या शिपायाला शिंक आली, ती पण भरली गेली. ज्ञानू म्हणाला, पुसता येत नाही. पोरांना हसवायला त्यानं फिरत्या चाकावर अंगठा टेकवून दाखवला. चाक मंदावलं आणि पेटी रेड्यासारखी रेकत खाली खाली गेली. पोरं हसून लोळली. गुरुजीही हसले.

आता गुंजवण्याला काय चाललं होतं, हे गुरुजींना फार उशिरा कळलं. पण तुमच्यापासून कशाला लपवायचं?

बाळाबाईच्या लग्नात चिमाजींच्या थोरल्या भावानं मानाच्या फेट्यावरून मांडवात धिंगाणा घातला होता. फेटा लांबीला कमी भरला म्हणून. गुरुजी सगळ्यांसमोर हात जोडून उभे राहिले होते, आणि चिमाजी खाली मान घालून. त्या दिवशी चिमाजींनी मनाशी ठरवलं होतं, या माणसाला आपल्यापायी पुन्हा वाकायला लावायचं नाही. शाळेची पेटी पांढरी एकला असते, पोरं तिथंच गातात, हे त्यांना ठाऊक होतं. मग गुरुजींनी आपल्यासाठी पेटी का हलवावी? आपणच तीन पायऱ्या उतरू. बोटांना ते अवघड होतं, निम्म्या कळा वेगळ्या धरायच्या होत्या. पण ते महिनाभर रोज गोठ्यासमोर बसून उतरत राहिले. म्हशींना गाणं पाठ झालं. आणि हे गुरुजींना सांगायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. सांगितलं की उपकार दाखवल्यासारखं होतं.

मधे एकदा बाळाबाई माहेरी येऊन गेली. तिच्याकडून गुरुजींनी निरोप दिला, की इकडची तयारी झाली. तिकडून निरोप आला, की तिकडचीही झाली. दोन्ही निरोप अगदी खरे होते.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडा झाला आणि लोक मांडवात बसले. चिमाजी नसरापूरवरून एसटीनं येणार होते. गाडीनं वाटेत उशीर केला, आणि ते आले तेव्हा पोरं रांगेत उभी राहिली होती. जुना लाल कोट त्यांनी अंगात घातला होता. बटणं लागत नव्हती, म्हणून तो उघडाच होता. गुरुजींनी लांबूनच हात जोडले. चिमाजींनी मान लववली. दोघांच्याही चेहऱ्यावर एक गुपित होतं, आणि दोघांनाही वाटलं की समोरच्याचा चेहरा फक्त आनंदानं असा झालाय.

हरिबा पहिल्या रांगेत बसले होते. मिशा अशा, की त्यांच्यावर झांजा टांगाव्यात.

गुरुजींनी ज्ञानूला खूण केली. चाकं फिरली. कर्ण्यातून पेटी घुमली, पोरांनी काळी दोनला सूर लावला, आणि पहिलं कडवं असं सुरेख झालं की मागं उभे असलेले शेंगावालेसुद्धा गप्प झाले. गुरुजींनी डोळे मिटले. आता व्याह्यांची पाळी. आता ते मनात म्हणणार, 'वा, व्याही!'

चिमाजींनी वाद्य ओठाला लावलं, छाती भरून घेतली, आणि आत शिरले ते तीन पायऱ्या खाली.

मंडळी, एका बैलगाडीला एक बैल उताराकडं आणि एक चढाकडं जुंपला तर काय आवाज येईल, तो आला. पुढच्या रांगेतलं तान्हं मूल रडायला लागलं. चिमाजींचे डोळे मोठे झाले, पण बँडातला माणूस वाजवताना थांबत नाही. त्यांनी ती जागा शेवटपर्यंत नेली. कर्ण्यातली पेटी वर, ते खाली, आणि मधल्या पोकळीत गुरुजी हात वर करून उभे.

दुसरं कडवं. पोरांची दोन बाजूंना विभागणी झाली. उजवीकडच्यांनी चिमाजींचं ऐकलं आणि आपल्या जुन्या, मुरलेल्या जागेवर सुखानं घरंगळली. डावीकडची काळी दोनला नखं रोवून लटकून राहिली. दोन्हीकडची पोरं मन लावून, बरोबर गात होती, आणि शेजारच्याकडं दयेनं पाहत होती.

गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटी खाली आली पाहिजे! त्यांनी ज्ञानूकडं पाहून तळहात खाली दाबला. ज्ञानूनं आवाज कमी केला. गुरुजींनी जोरजोरानं मान हलवून अंगठा दाखवला आणि चाकासारखं बोट फिरवलं. ज्ञानूला समजलं. त्यानं चाकावर अंगठा टेकवला, आणि पेटी कण्हत कण्हत उतरायला लागली. दोन पायऱ्या, अडीच, तीन. बरोबर पांढरी एक!

त्याच क्षणाला चिमाजींनी मनाशी विचार केला होता, की व्याह्यांनी आपल्यासाठी पेटी चढवलेली दिसते, आपणच वर गेलेलं बरं. आणि कडवं संपताच ते तीन पायऱ्या चढून काळी दोनवर जाऊन उभे राहिले होते. आता पेटी खाली आणि व्याही वर. जिन्यात दोघं एकमेकांना ओलांडून गेले, आणि नमस्कारसुद्धा झाला नाही.

पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हेडमास्तरांकडं झुकून विचारलं, की हे संगीत इंग्रज गेल्यानंतर निघालं का. हेडमास्तर म्हणाले, की बहुतेक.

ज्ञानूनं पाहिलं, पुन्हा बिनसलंय. त्यानं अंगठा काढला. त्याच वेळी चिमाजी खाली उतरले. पेटी उसळी मारून वर गेली. गुरुजींचे दोन्ही हात आता वेगवेगळं सांगत होते, एक ज्ञानूला आणि एक व्याह्यांना, आणि पोरांना वाटलं की ते आपल्यालाच आहे. म्हणून उजवीकडची चढली आणि डावीकडची उतरली. ज्ञानूनं घाबरून पुन्हा अंगठा दाबला, नेमका तिसऱ्या कडव्यात, आणि शिपायाची ती भरलेली शिंक कर्ण्यातून अशी लांबलचक बाहेर पडली, की मांडवाच्या मागं बांधलेल्या बैलानं तिला उत्तर दिलं. मग कट्ट करून फीत तुटली आणि चाकातून शेवयांसारखी भसाभसा ज्ञानूच्या मांडीवर येऊन पडली.

पेटी थांबली. चिमाजी थांबले. पोरं तेवढी थांबली नाहीत. काय वाट्टेल ते झालं तरी गाणं मधे सोडायचं नाही, असं गुरुजींनीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनी राहिलेलं सगळं कडवं दोन तुकड्यांनी, दोन पट्ट्यांत, ताठ मानेनं पुरं केलं. मग हात जोडले. टाळ्या आल्या, आता तरी संपलं, या आनंदाच्या होत्या त्या.

गुरुजी मांडवाच्या मागं जाऊन कनातीच्या बांबूला धरून उभे राहिले. तिसरीतली एक पोरगी त्यांच्या मागून आली. तिनं विचारलं, "गुरुजी, आमी चुकलो का?"

"नाही गं बाळा. कुणीच चुकलं नाही तुमच्यातलं."

"मग कोण चुकलं?"

इतक्या वर्षांत पोरानं विचारलेला प्रश्न गुरुजींनी कधी अर्धवट सोडला नव्हता. आज त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला खाऊ घ्यायला पाठवून दिलं. ती गेल्यावर त्यांचे कान जे तापले, ते कर्ण्याजवळ उभं राहून नव्हते तापले.

चिमाजी आले. वाद्य त्यांनी उपरण्यात गुंडाळलं होतं, जणू त्याला थंडी वाजत होती. दोघांनी एकमेकांना दोन-दोन वाक्यांत विचारलं, आणि सगळं बाहेर पडलं. त्यांच्यासाठी यांनी काळी दोन धरली होती, यांच्यासाठी त्यांनी पांढरी एक.

"माझंच चुकलं," गुरुजी म्हणाले.

"न्हाई, न्हाई, चुकलं ते माजंच," चिमाजी म्हणाले. मग पाणी पिऊन येतो म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत.

हरिबा हेडमास्तरांकडं चहा घेऊन दुपारच्या पुण्याच्या गाडीत बसले होते. गुरुजींनी ठरवलं, आता लाज बाळगून चालायचं नाही. आपल्यामुळं व्याह्यांची पुण्याची वाट बंद होता कामा नये. ते धापा टाकत एसटीच्या थांब्यावर गेले आणि खिडकीशी उभे राहिले.

"हरिबा, चूक सगळी माझी आहे. त्यांना त्यांच्या घरच्या सा वर वाजवता यावं, म्हणून मी पेटी काळी दोनला भरली. पोरांनाही तिथं चढवलं. त्यांना न विचारता केलं. त्यांचा काही दोष नाही."

हरिबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे तुम्ही त्यांच्या वाद्याला बरोबर बसेल अशीच पेटी भरली होतीत?"

"हो. अगदी बरोबर."

"मग वाजवणाराच चुकला की."

गुरुजींनी खिडकीचा गज धरला.

हरिबा पुढं म्हणाले, "आताच तुमचे व्याही येऊन गेले. चूक सगळी माझी, म्हणाले. पेटी आपल्या जागेवर असेल म्हणून मी अवघड बोटं धरून तीन पायऱ्या उतरलो, महिनाभर घटवलं, म्हणाले. ते ऐकल्यावर मला वाटलं, माणूस गुणी आहे, पेटीवालाच गाढव दिसतोय. आता तुम्ही सांगताय की पेटी बरोबर होती. मास्तर, तुम्ही चूक कबूल करायला आलात, का व्याह्यांची चहाडी करायला?"

गुरुजींना वाटलं, थांब्यावरची जमीन जरा बाजूला सरकली तर बरं. त्यांनी काय केलं होतं हे! हात जोडायला आले आणि व्याह्यांच्या पाठीत धपका घालून बसले. आणि बिचाऱ्या व्याह्यांनीही तेच केलं होतं.

"इतकी बरोबर माणसं मी एका ठिकाणी कधी पाहिली नाहीत," हरिबा म्हणाले, "आणि इतकं वाईट वाजलेलंही कधी ऐकलं नाही. बोलवा त्यांना."

चिमाजी लांब नव्हतेच. भज्यांच्या गाडीमागं उभे होते. ते खिडकीखाली येऊन उभे राहिले.

"हे बघा," हरिबा म्हणाले, "तुमच्या हातात सूर आहे, ते कळलं मला. मधल्या मधे पट्टी बदलली तुम्ही, ते सोपं नाही. पण माझ्या बँडाचा एक कायदा आहे. शेजारचा चुकला की त्याला कोपर मारायचं. मग तो माझा भाऊ असो नाही तर मी असो. वरातीत नमस्कार-चमत्कार करायला वेळ नसतो. तेव्हा एकच सांगा. तुम्हां दोघांत जागा सोडायला नको होती कुणी?"

कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. गुरुजींनी डोळ्यांनी विनवलं: माझं नाव घ्या. चिमाजींनी हरिबांकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं, उपरण्यातल्या वाद्याकडं पाहिलं. त्यांची बोटं कापडावरूनच खालीवर झाली. मग ते म्हणाले,

"व्याही म्हणतील तसं."

हरिबांनी हात कपाळाला लावला. घंटी वाजली आणि गाडी निघाली.

धुरळा खाली बसला. मग चिमाजींनी घसा साफ केला. ते गुरुजींकडं न पाहता बोलले, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडं पाहत.

"व्याही, तुमी जागा सोडाय नको व्हती. पेटी माजी न्हवं, तुमची बी न्हवं. पोरांची हाय. त्यांचा गळा जितं बसला व्हता, तितनं तुमी त्यास्नी माज्यापायी उठीवलं. म्या काय, मोटा मानूस. म्या उतरलो असतो." जरा थांबून ते म्हणाले, "चुकलं तुमचं."

मुलीच्या बापाला व्याह्यांकडून असं ऐकून घ्यावं लागलं, तर तो चार दिवस जेवत नाही. पण गुरुजींना ते मुळापासून पटलं. ती टाचा वर केलेली पोरं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. पटलं, लागलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं: अरे, बोलले की हे!

"व्याही, हे आत्ता बोलताय?"

"गाडीत मानसं व्हती," चिमाजी म्हणाले.

गुरुजींनी धोतराचा सोगा धरला आणि ते पळत सुटले. पन्नाशी उलटलेला माणूस, डोक्याला कार्यक्रमाचा फेटा, भर बाजारात एसटीच्या मागं. बाजाराचा दिवस नव्हता, पण भाताच्या गाड्या आडव्या आल्या होत्या, म्हणून एसटी रांगत होती. रस्त्याच्या कडेनं शाळेची सगळी पोरं बत्तासे चघळत घरी चालली होती. गुरुजी ओरडत होते, "थांबा! व्याही बोलले! चूक माझी! हरिबा, चूक माझी!" पोरं जागच्या जागी उभी राहिली. शिंप्यानं मशीन थांबवलं. वाण्याच्या हातातला तराजू लटकत राहिला.

ड्रायव्हरला वाटलं, कुणाचं सामान राहिलं. त्यानं गाडी थांबवली. उजवीकडच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली, आणि त्यांत हरिबांच्या मिशा.

"काय म्हणाले?"

गुरुजींना श्वास लागला होता. भोवती अर्धा बाजार, अख्खी शाळा. हळू बोलायची सोय नव्हती. गाडीचं इंजिन सुरू होतं.

"म्हणाले, पोरांची जागा मी हलवायला नको होती. चुकलं माझं, म्हणाले. तोंडावर."

"ओरडून म्हणाले?"

"ओरडून नाही. पण म्हणाले."

हरिबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. कोपर बारीक आहे, पण आहे. शिवरात्र झाली की पाठवा त्यांना. आणि मास्तर, तुम्ही येऊ नका बरोबर."

गुरुजींनी मान हलवली. कंडक्टर दाराच्या दांडीला धरून सगळं ऐकत होता. त्यानं गुरुजींना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गुरुजी, सामान न्हाई, मानूस न्हाई, नुसती चूकच आनलीया व्हय?"

"हो. नुसती चूक."

"मग ती खालीच ऱ्हाऊ द्या," म्हणाला, "गाडी भरलीया." आणि त्यानं घंटी ओढली.